रोजचे दीडशे फूट

२ नोव्हेंबर

आजपासून आमचा धंदा सुरू. ‘धंदा’ हा शब्द आईला आवडत नाही. ती ‘तुमचं ते काम’ म्हणते. मी वहीच्या पहिल्या पानावर ‘व्यवसाय’ लिहिलं होतं. ते बाबांनी वाचलं आणि हसले. म्हणाले, “व्यवसाय डॉक्टर लोक करतात. आपण पट्ट्या बसवतो.”

बाबा वीसेक वर्षं एका ठेकेदाराकडे लॅमिनेटच्या पट्ट्या बसवत होते. दुकानांत, ऑफिसांत, लोकांच्या घरांत लाकडासारखी दिसणारी गुळगुळीत जमीन असते, ती. मे महिन्यात त्यांनी ते काम सोडलं. “किती दिवस दुसऱ्याच्या हाताखाली राबायचं,” म्हणाले. मला फार अभिमान वाटला, कारण हे वाक्य मीच त्यांना वर्षभर ऐकवत होते.

आमच्या घरात पदवी आणणारी मी पहिली. वाणिज्य शाखा, पहिला वर्ग. जूनपासून अर्ज पाठवतेय, उत्तर कुणाचंच नाही. मग वाटलं, दुसऱ्याच्या ऑफिसात हिशेब लिहिण्यापेक्षा बाबांचेच का लिहू नयेत? काम त्यांचं, कागद माझा. ठेकेदार गिऱ्हाईकाला एकच मोठा आकडा लिहून देतो आणि त्यात काय काय दडलंय ते कुणाला कळत नाही. आम्ही तसं करणार नाही. पट्ट्या किती, वाया किती जाणार, फोम किती, मजुरी किती, सगळं वेगवेगळं आणि उघड लिहायचं.

“सगळंच सांगितलंस तर गिऱ्हाईक स्वतःच बसवेल की,” बाबा म्हणाले.

“जमेल त्याला?”

“छे.”

“मग?”

“मग काय, लिहा साहेब.”

मला ते ‘साहेब’ म्हणतात तेव्हा आई भांडी जरा जोरात आपटते. का ते कळत नाही.

४ नोव्हेंबर

पहिलं गिऱ्हाईक मिळालं! आई ज्या इमारतीत ऑफिसं झाडायला जाते, तिथेच पहिल्या मजल्यावर एक मॅडम पाळणाघर काढतायत. आईनेच शब्द टाकला.

दोन खोल्या, एक छोटी खोली, मध्ये बोळ. आत काहीच नाही, नुसता सिमेंटचा कोबा आणि खिडक्यांवर चिकटवलेली वर्तमानपत्रं. बोललं की आवाज घुमतो. मॅडम मोबाइल कानाला लावूनच आल्या आणि बोलत बोलतच आम्हाला सगळं दाखवलं. आमच्याशी कुठलं वाक्य आणि फोनवर कुठलं, हे ओळखायला मला वेळ लागला. “मुलं पडणार, सांडणार, घासणार. मला थंड फरशी नको, कळलं? नाही नाही, तुम्हाला नाही, तुम्ही बोला.”

मापं मी घेतली. बाबांनी टेपचं एक टोक दारात उभं राहून धरलं आणि मी कोपऱ्याकोपऱ्यांत रांगत फिरले. “तुम्ही घ्या ना, तुम्हाला सवय आहे,” मी म्हटलं. तर म्हणाले, “शिकायचंय ना तुला? मग खाली उतर.” बरोबर आहे त्यांचं. मी ड्रेसचे गुडघे काळे करून घेतले, पण प्रत्येक भिंत दोनदा मोजली. मोठ्या खोलीची समोरासमोरची दोन मापं जुळेनात. मला वाटलं मीच चुकले. बाबा म्हणाले, भिंती कधीच सरळ नसतात, मोठं माप धर.

निघताना बाबा जिना एकेक पायरी उतरत होते, कठडा धरून. मी खाली जाऊन थांबले. त्यांना कुठलीच घाई नसते. मला ही सवय लागायला हवी.

६ नोव्हेंबर

अंदाजपत्रक झालं. किती छान दिसतंय!

मोठी खोली वीस बाय पंधरा म्हणजे तीनशे चौरस फूट. निजायची खोली एकशे अडुसष्ट. छोटी नव्वद. बोळ चौसष्ट. एकूण सहाशे बावीस. कापताना तुकडे वाया जातात म्हणून दहा टक्के वर धरायचे, झाले सहाशे चौऱ्याऐंशी. एका खोक्यात वीस चौरस फुटांच्या पट्ट्या, म्हणजे पस्तीस खोकी. उरलेली पट्टी मॅडमकडेच ठेवायची, पुढे एखादी खराब झाली तर त्याच छटेची मिळत नाही. हेही मी लिहिलं. पट्ट्यांखाली अंथरायच्या फोमच्या सात गुंडाळ्या. भिंतीकडेची फट झाकायची पट्टी, तिला स्कर्टिंग म्हणतात, ती दारं वजा करून. दारांच्या चौकटी खालून कापायच्या, त्याचे वेगळे.

राहिली मजुरी. त्यासाठी एकच गोष्ट हवी होती, रोज किती फूट होतात. मी बाबांना विचारलं.

आई भांडी घासत होती, तिचा हात थांबला.

“दीडशे लिही,” बाबा म्हणाले.

“अहो,” आई म्हणाली.

“दीडशे. ठेकेदाराकडे हाच आकडा होता माझा. सगळ्यांना माहितीये.”

आई पुन्हा घासायला लागली. मी भागाकार केला. चार दिवस आणि थोडं, वर स्कर्टिंग आणि दारं. सहा दिवस लिहिले. सामान आल्यावर खोकी दोन दिवस खोलीत तशीच ठेवावी लागतात, पट्ट्यांना तिथल्या हवेची सवय व्हावी म्हणून. नाहीतर बसवल्यावर फुगतात. ते दोन आणि एक हाताशी, असे नऊ.

मग मी माझ्या मनाने एक ओळ टाकली: ‘काम ठरल्या तारखेला पूर्ण न झाल्यास उशिराच्या दर दिवशी मजुरीतून दहावा हिस्सा वजा करावा.’

बाबांनी ती ओळ बोट ठेवून वाचली. “हे कुणी मागितलं?”

“कुणी नाही. पण कारागीर तारीख पाळत नाहीत असंच लोक म्हणतात ना? आपण पाळतो. आपला शब्द आहे.”

बराच वेळ त्यांचं बोट तिथेच होतं. “शब्द आहे तर आहे,” म्हणाले.

८ नोव्हेंबर

मॅडमनी होकार दिला. आणि कशामुळे, तर माझ्या त्या ओळीमुळे! म्हणाल्या, “तीन जणांनी कोटेशन दिलं. तुझं स्वस्त नाहीये. पण तारखेला स्वतःला बांधून घेणारी तू एकटीच.” मी तरंगतच घरी आले.

दुपारी दुकानात खोकी सांगायला गेले. तिथे लंबूकाका भेटले. ते आणि बाबा एकेकाळी जोडीने कामं करायचे. आता ते दुकानाच्याच माणसांत आहेत. सहा फूट उंच माणूस आणि आयुष्य जमिनीवर काढलं, असं बाबा त्यांना चिडवतात.

“काय पोरी, मालक झालीस म्हणे. किती फूट?”

“सहाशे बावीस.”

“आणि माणसं किती?”

“बाबा.”

“आणि?”

“आणि मी आहे ना. हिशेबाला.”

लंबूकाकांनी खिशातली पेन्सिल काढली, पुन्हा खिशात ठेवली. “दिवस किती लिहिलेस?”

“सहा.”

“कोण म्हणालं सहा?”

“गणित म्हणालं,” मी म्हटलं. जरा तोऱ्यातच.

“मी रविवारी मोकळा असतो,” ते म्हणाले. “पैसे नकोत. चहा पाज फक्त.”

मला त्यांच्या बोलण्याचा रोख आवडला नाही. फुकट कोण येतं? दुकानासाठी आमचे दर काढून घ्यायचे असतील. घरी बाबांना सांगितलं तर ते एकदम तापले. “लंबूला काही सांगायचं नाही. कुठे काम, किती काम, काही नाही. समजलं?” म्हणजे माझा संशय खराच होता.

१२ नोव्हेंबर

खोकी आली. हमालांनी वर चढवली आणि मोठ्या खोलीत आडवी रचली. बाबा त्या ढिगावर बसून मला कुठलं खोकं कुठे ते सांगत होते. राजासारखे दिसत होते.

मी कालपासून प्रत्येक खोलीत कोब्यावर प्लॅस्टिकचा चौकोन कडेने चिकटवून ठेवला होता. कोब्यात ओल मुरली असेल तर त्याच्या आत बाष्प धरतं. छोट्या खोलीतल्या चौकोनाखाली थेंब दिसले. म्हणजे तिथे फोमखाली जाड प्लॅस्टिक अंथरावं लागणार, वरचा खर्च. मी लगेच मॅडमना फोन केला. त्या कुरकुरल्या पण मानल्या.

गंमत म्हणजे ओल बघून बाबांना बरंच वाटलं. “वा,” म्हणाले, “आता असं सांग की ओल निघाली, आठवडाभर वाळू द्यावं लागेल. तारीख पुढे ढकलून घे.”

“पण प्लॅस्टिक टाकलं की झालं ना? वाळवायची गरज काय?”

“सांगायला काय जातं?”

“बाबा! खोटं?”

ते हसले, पण ओठांनीच. “नको तर नको. साहेबांचं राज्य.”

वाईट वाटलं. इतकी वर्षं ठेकेदाराबरोबर राहून माणसाला अशा सवयी लागतात. त्यांचा दोष नाही.

१४ नोव्हेंबर

आज सुरू व्हायचं होतं. बाबा म्हणाले, अजून दोन दिवस खोकी राहू दे.

मी खोक्यावरचं वाचून दाखवलं. अठ्ठेचाळीस तास असं स्पष्ट छापलंय.

“छापणाऱ्याने ही खोली बघितलीये का? ओल आहे इथे. पट्टीला सवय व्हायला वेळ लागतो.”

“पण तारीख?”

“पट्टीवर जबरदस्ती करून चालत नाही, बाळा.”

मग दिवसभर ते घरी पलंगावर पाय लांब करून पडून होते, आईने गरम पाण्याची रबरी पिशवी दिली होती, थंडीची. मी जरा चिडले होते, पण नंतर विचार केला, यालाच कारागिरी म्हणतात. आपल्याला घाई असते, सामानाला नसते. हे वाक्य मला आवडलं म्हणून इथे लिहून ठेवतेय.

१६ नोव्हेंबर

सुरुवात. खिडकीच्या भिंतीपासून पहिली रांग. भिंतीपासून बोटभर फट सोडायची, पट्ट्यांना उन्हाळ्यात पसरायला जागा लागते. एका पट्टीची कड दुसरीच्या खोबणीत तिरकी घालायची, दाबायची, टक्‌ असा आवाज आला पाहिजे. मग ठोकळा लावून रबरी हातोडीने हलकेच मारायचं.

बाबा म्हणाले, बघत काय उभी राहिलीस, ये. मला त्यांनी हात धरून शिकवलं. दुपारनंतर रांगा मीच टाकत होते आणि ते खोक्यावर बसून पट्ट्या कापून देत होते. एकदा टक्‌ झालं नाही तर नुसत्या आवाजावरून म्हणाले, “काढ, पुन्हा.”

मोजलं तर साठ फूट. बाबा म्हणाले, “पहिली रांग जीव खाते. उद्या बघ.”

१७ नोव्हेंबर

पंचावन्न.

१८ नोव्हेंबर

सत्तर. पण त्यातले बहुतेक माझे. बाबा मला शिकवण्यातच सगळा वेळ घालवतायत, हे मी त्यांना आज सांगितलं. म्हटलं, शिकवणी नंतर, आधी काम. तुम्ही बसवा, मी कापते. ते “हो” म्हणाले आणि खाली बसले. बसताना एका हाताने खिडकीची कड धरली. मग मला म्हणाले, “स्कर्टिंग आणायला जायचंय ना तुला? जा, आजच सांगून ये.” मी म्हटलं उद्या जाईन. “उद्या सकाळीच जा मग,” म्हणाले, “मी एकटा असलो की हात भराभर चालतो.”

१९ नोव्हेंबर

लिहावंसं वाटत नाही, पण लिहायचं.

दुकानाच्या वाटेवर आठवलं की बोळाचं माप लिहिलेला कागद विसरला. परत आले. दार लोटलेलं होतं.

बाबा जमिनीवर होते. गुडघ्यांवर नाही. फोमचा एक तुकडा खाली घेऊन त्यावर बसले होते, पाय पुढे ताठ, आणि हातांनी स्वतःला मागे रेटत होते. फोम कोब्यावर खरखरत होता. एक पट्टी लावायची, वाकायचं, हात पोचत नाही म्हणून कुशीवर व्हायचं, ठोकायचं, पुन्हा उठून बसायचं, पुन्हा रेटायचं. उठताना तोंडातून आवाज येत होता. मी तो आवाज घरी कधी ऐकला नव्हता. किंवा ऐकला असेन आणि खोकला समजले असेन.

मी दिसले तसे थांबले. “पाळणाघर आहे,” म्हणाले. “म्हटलं, रांगून बघावं.”

मी हसले नाही.

“बाबा, दीडशे कधी व्हायचे?”

ते पट्टीवरचा भुसा पुसत राहिले. “तू नववीत होतीस तेव्हा.”

“मग मला तसं का सांगितलंत?”

“तू पेन धरून बसली होतीस ना,” ते म्हणाले. “किती लिहू म्हणून विचारलंस. तुझ्यासमोर काय पन्नास सांगू?”

त्यांना उठायचं होतं. मी हात दिला. पूर्ण वजन माझ्या हातावर आलं, तरी उठायला दोनदा प्रयत्न करावा लागला. खिडकीपाशी उभे राहून त्यांनी पँट झटकली आणि वर्तमानपत्राच्या फटीतून बाहेर बघत राहिले.

दुकानात गेले नाही. गुडघे टेकले आणि पुढची रांग घेतली.

२० नोव्हेंबर

राहिलेलं काम पुन्हा मोजलं. मी एकटी रोज नव्वद करू शकते, बाबांनी कापून दिलं तर. म्हणजे उद्याची तारीख गेली. स्कर्टिंग धरून सव्वीस. पाच दिवस उशीर, अर्धी मजुरी गेली.

मॅडमना जाऊन सगळं सांगितलं. सगळं म्हणजे बाबांचं नाही. माझा अंदाज चुकला, एवढंच सांगितलं. त्यांनी पहिल्यांदाच फोन बाजूला ठेवला.

“मग आता? तू लिहिलंस ते सोडून देऊ म्हणतेस?”

“नाही. ते कापा. मी फक्त कळवायला आले.”

“हे बघ, मी मागितलं नव्हतं. पण तू लिहिलंस म्हणून काम तुला दिलं. आता सोडलं तर तुझ्या त्या ओळीला काय अर्थ राहिला, सांग.” मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, “पाणी घेतेस?”

मी पाणी घेतलं. त्यांचं बरोबरच आहे. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं. असं मी दिवसभर स्वतःला सांगतेय.

घरी आईला म्हटलं, तुला माहीत होतं. ती म्हणाली, “मला काय काय माहीत असतं ते तू विचारू नकोस.” नंतर माझी काळी झालेली सलवार भिजत टाकताना बोलायला लागली. थांबेचना.

“मी ज्या ऑफिसात झाडते ना, तिथे हिशेबवाल्या बाईची खुर्ची आहे. निळी, चाकांची. एकदा कुणी नव्हतं तर बसले मी. अर्धी फिरले. वाटलं, आपली मुलगी अशा खुर्चीवर बसेल. त्यासाठी हे गुडघ्यांवर चालले, मी वाकून झाडलं. घरात एक माणूस तरी वर बसावं म्हणून. आणि तू? पदवी घेऊन खालीच?”

“थोडेच दिवस, आई. हे काम पुरं होईपर्यंत.”

तिने सलवार पिळली. “हो,” म्हणाली.

२१ नोव्हेंबर

आज तारीख होती. मोठी खोली संपली, निजायच्या खोलीत पाच रांगा.

दुपारी फोन आला. जूनमध्ये अर्ज केलेल्या एका ऑफिसातून! हिशेब विभाग. चोवीस तारखेला सकाळी दहाला मुलाखत.

मी बोळात जाऊन बोलले. चोवीसला गेले तर अर्धा दिवस जाणार, तयारी धरून पूर्ण दिवस, म्हणजे काम सत्तावीसला, म्हणजे आणखी एक हिस्सा गेला. आणि मी नसले की बाबा पुन्हा फोम घेऊन बसणार, ते बसतीलच. मी फोनवरच्या बाईंना सगळं नीट सांगितलं, की एका कामाची जबाबदारी घेतलीये, शब्द दिलाय, सव्वीसनंतर कुठलीही वेळ चालेल. त्या फार छान बोलल्या. म्हणाल्या, “बघते आणि कळवते.” मला वाटतं, जबाबदारी घेणारी माणसं त्यांनाही हवीच असणार.

घरी सांगितलं नाही. नक्की झालं की सांगेन.

२३ नोव्हेंबर, रविवार

लंबूकाका न बोलावता आले. पाळणाघर कसं शोधलं कोण जाणे. त्यांच्या पावलांचा आवाज जिन्यात आला तसे बाबा खोक्यावरून उठून उभे राहिले आणि कमरेवर हात ठेवले.

“काय मास्तर,” लंबूकाका दारातून म्हणाले.

“पोरीला शिकवतोय,” बाबा म्हणाले.

“दिसतंय. बऱ्या आहेत रांगा.” ते खाली वाकून सांधा बघायला लागले. “ही तुझ्यासारखी नाही बसवत. नीट बसवते.”

“जा रे लंब्या. तुझ्या पट्ट्यांच्या फटीतून अख्खा चमचा आत जायचा.”

दोघं हसले. लंबूकाकांनी करवत काढली, दारांच्या चौकटी खालून कापून दिल्या, चहा घेतला. बाबा सगळा वेळ उभेच. घाम फुटला होता त्यांना.

मी लंबूकाकांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. तिथे त्यांनी पिशवीतून त्यांची गुडघ्यांना बांधायची पॅडं काढली. जुनी, आतून काळी पडलेली. “नवी घेऊ नकोस, टोचतात. ही मुरलेली आहेत.”

“काका, बाबांनी ठेकेदाराचं काम सोडलं ते...”

“त्याने सोडलं असं म्हणाला ना? मग त्यानेच सोडलं.” एक पायरी उतरले, थांबले. “वय काय तुझं?”

“तेवीस.”

“मी तेवीसला म्हणायचो, दोन वर्षं करू, मग काहीतरी बघू.” ते कठडा धरून उतरायला लागले, एकेक पायरी.

लंबूकाकांविषयी मी वाईट विचार केला होता. चांगला माणूस आहे. पॅडं खरोखर मऊ आहेत.

२६ नोव्हेंबर

संपलं. शेवटची रांग छोट्या खोलीत होती, उभी चिरून बसवावी लागली. मी आत रेटली, टक्‌ झालं. बाबा दारातून म्हणाले, “हां.” एवढंच. मग चपला काढून आत आले आणि पूर्ण जमिनीवरून चालले, मोठी खोली, बोळ, निजायची खोली, भिंतीला हात लावत. कुठेच पट्टी वाजली नाही. खिडक्यांवरची वर्तमानपत्रं मी काढली होती. उजेड पट्ट्यांवर लांबपर्यंत पडला होता.

मॅडम खूश. अर्धी मजुरी कापून पैसे दिले, वर मुलांसाठी आणलेल्या बिस्किटांचा पुडा दिला. सामान, भाडं, हमाली जाऊन जे उरलं ते मी इथे लिहीत नाही.

आणि त्यांनी अजून एक काम दिलं! त्यांच्या बहिणीचं शिवणकामाचं केंद्र, तब्बल हजार फूट. “मी सांगितलंय तिला,” म्हणाल्या, “की मुलगी उशीर करते पण पैसे कापून देते.” बाबा जिन्यात हे आठवून आठवून हसत होते.

३० नोव्हेंबर

ऑफिसातून अजून काही कळवलेलं नाही. महिनाअखेर आहे, कामात असतील. पुढच्या आठवड्यात मीच फोन करेन.

शिवण केंद्राचं अंदाजपत्रक करायला बसले. बाबा पलंगावर, पाय लांब, पिशवी गुडघ्यांवर. आई बाजूला दुसऱ्या पातेल्यात पाणी तापवत होती. पट्ट्या, वाया जाणारे तुकडे, फोम सगळं झालं. मजुरीपाशी आले. या वेळी कुणालाच विचारायचं नव्हतं. आकडा माझा होता, मोजलेला, खरा.

“किती लिहितेस?” बाबांनी विचारलं.

“नव्वद.”

“ऐंशी लिही,” ते म्हणाले. “हजार फुटांचं काम आहे. शेवटी शेवटी कमी होतात.”

मी ऐंशी लिहिले. उशिराची ओळ लिहू की नको, याचा विचार करत होते. लिहिली.

मग पाणी प्यायला उठले. बराच वेळ मांडी घालून बसले होते, पाय आखडले होते, म्हणून टेबलाची कड धरली. एवढंच. वळले तर आई माझ्याकडे बघत होती. तिने कपाटातून दुसरी रबरी पिशवी काढली. नवीन होती, अजून कागदात. कधी आणली माहीत नाही. पातेल्यातलं पाणी तिच्यात ओतलं, बूच घट्ट केलं आणि माझ्यापुढे धरली.

“मला कशाला? मी ठीक आहे.”

“माहितीये,” आई म्हणाली. “हेही असंच म्हणायचे.”

मी पिशवी घेतली.